येझदी कापू नकोस, एक्सपल्स घे

प्रश्न असा आला आहे: "काका, मी इंदूरचाच, लोकमान्य नगरात राहतो. वय २९. सात लाख बाजूला ठेवलेत, त्यातून दोन-तीन दुर्मिळ ऑफ-रोड आणि सुपरमोटो गाड्या जमवायच्या आहेत. आजोबांची १९७४ ची येझदी २५० घरी पडून आहे, तिची स्क्रॅम्बलर करावी असं मनात आहे. माझी स्वतःची २०१२ ची हिरो इम्पल्स आहे, तिला १७ इंची चाकं लावून सुपरमोटो करायची. आणि मुंबईत एक सुझुकी डीआरझेड-४००एसएम साडेतीन लाखांत मिळतेय. विकणारा म्हणतो, कागद नंतर करून देतो. सुरुवात कुठून करू?"

काका म्हटलंस, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो. तिन्ही बेत रद्द कर. येझदीला करवत लावून स्क्रॅम्बलर, म्हणजे मातीत पळवायची गाडी, करू नकोस, इम्पल्स आहे तशी ठेव, आणि मुंबईच्या माणसाला आज रात्रीच नाही म्हणून कळव. सुपरमोटो, म्हणजे डांबरासाठी लहान चाकं चढवलेली मातीतली गाडी, करायचीच आहे ना? मग हिरोची एक वापरलेली एक्सपल्स घे आणि तिच्यावर हौस भागव. कारण सांगतो, पण जरा लांबण लागेल.

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर चेसिसच्या मागच्या कमानीचा एक तुकडा टांगलेला आहे, हातभर लांबीचा, गंजून लाल झालेला. येणारी पोरं विचारतात, हे काय? ते माझं पाप आहे. १९९८ ची गोष्ट. देवासचे एक गृहस्थ राजदूत ३५० घेऊन आले. यामाहाच्या आरडी ३५० ची ही भारतीय बहीण एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये बाजारात आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पिकअप असा की माणूस मागे राहायचा. पण पेट्रोल इतकं प्यायची की त्या काळात लोक मिळेल त्या भावाला काढून टाकत. त्यांना मातीत पळवायची गाडी हवी होती. मी मागची कमान कापली, सायलेन्सर वर उचलून नेला, मडगार्ड भंगारात दिले, गुट्ट्यांचे टायर चढवले. दिसायला अशी झाली की चार दिवस लोक बघायला येत होते. २०२२ मध्ये त्याच गृहस्थांचा मुलगा आला. गाडी मूळ रूपात आणायची म्हणाला. मडगार्ड मिळाला नाही, साइड पॅनल एकच मिळालं, आणि चेसिसला जोड दिला तरी तो जोड बोटाला लागतो. चांगल्या अस्सल राजदूत ३५० ला आज जो भाव आहे, त्यात ही गाडी बसतच नाही. मी कापली तेव्हा ती जुनी गाडी होती, दुर्मिळ नव्हती. दुर्मिळ नंतर झाली, आणि तशी होण्यात माझ्यासारख्या मिस्त्र्यांचा हातभार आहे.

तेव्हापासून मी एकच हिशेब धरतो: केलेलं काम एका दिवसात उलटं करता येतं का? येत असेल तर कर. नसेल तर ती गाडी दुसऱ्या कुणाला तरी दे, आणि तो कापतो का बघत बस.

आता मुंबईची डीआरझेड. गाडी वाईट नाही, उलट फार चांगली. ३९८ सीसी, एक सिलिंडर, २००५ पासून सुझुकीने सुपरमोटो रूपात बनवली, इंजिन दणकट, मिस्त्रीला कंटाळा येईल इतकं साधं. पण ती भारतात कधी अधिकृत विकली गेली नाही. म्हणजे जी आली ती कुणीतरी बाहेरून आणली. मग कशी आणली, हाच पहिला प्रश्न. आपल्या आयात धोरणात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नको. उदाहरणार्थ, २००६ ची गाडी १५ वर्षांनी 'सेकंड हँड इम्पोर्ट' म्हणून सरळ मार्गाने येऊच शकत नाही. मग राहतात तीन वाटा. कुणी परदेशी प्रवासी कार्नेवर, म्हणजे ड्यूटी न भरता काही काळापुरती गाडी आणण्याच्या परवान्यावर, घेऊन आला आणि इथेच विकून गेला. कार्नेची गाडी देशाबाहेर परत न्यावीच लागते, तेव्हा ती विक्रीच खोटी. किंवा रेसिंगसाठी म्हणून आणली; ती ट्रॅकपुरती, रस्त्यावरची नोंदणी तिला मिळत नाही. तिसरी वाट म्हणजे सुट्या भागांत खोकी भरून आली आणि इथे जोडली. तिला चेसिस नंबर दुसऱ्याच कुठल्या तरी मेलेल्या गाडीचा.

ही तिसरी जात मी हाताने पकडली आहे. सहा-सात वर्षांपूर्वी एक ओळखीचा मुलगा अशीच एक जपानी ऑफ-रोड गाडी घेऊन आला. आरसी होती, नंबर जुळत होता, मुलगा खूश. मी हेडलाइट काढला, हँडल पूर्ण वळवलं, मानेवरचा, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं तिच्यावरचा, रंग रॉकेलच्या फडक्याने पुसला. आरटीओत चेसिसची छाप घेतात तशी घेतली: नंबरावर पातळ कागद चिकटवायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. डोळ्याला जे दिसत नाही ते शिसं दाखवतं. १७ आकड्यांतले १६ स्वच्छ उमटले. एका ३ च्या डाव्या बाजूला मात्र दोन फिकट कमानी उठल्या. तिथे आधी ८ होता. डाव्या कमानी वेल्डने भरल्या होत्या, घासल्या होत्या, वर पावडर कोटिंग मारलं होतं. मुलाचं तोंड उतरलं. पैसे गेले ते गेलेच, वर पोलिसांच्या फेऱ्या.

तेव्हा "कागद नंतर" म्हणणाऱ्याला एवढंच विचार: बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, आणि कस्टम्स ड्यूटी भरल्याचं चलन, दोन्हीवर हाच चेसिस नंबर आहे का? असेल तर तो आजच फोटो पाठवेल. पाठवणार नाही, बघ.

सुपरमोटोच का, हे तू लिहिलं नाहीस, पण जमवणाऱ्याला त्या गाडीचं कूळ माहीत असावं. हा प्रकार मोटोक्रॉसइतका, म्हणजे मातीतल्या शर्यतींइतका, जुना नाही. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल्सबाड इथे अमेरिकन टीव्हीसाठी एक शर्यत भरवली गेली. गॅव्हिन ट्रिप नावाच्या आयोजकाची कल्पना होती: डांबर, माती आणि उड्या एकाच ट्रॅकवर ठेवायच्या आणि मोटोक्रॉसवाले, डर्ट-ट्रॅकवाले, रोड-रेसर यांना एकमेकांशी भिडवायचं. सगळ्यात हरहुन्नरी कोण ते कळू दे. अमेरिकेत १९८५ नंतर ते थंडावलं, पण फ्रान्स-इटलीवाल्यांनी उचलून धरलं, आणि २००२ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. म्हणून १९६८ ची 'व्हिंटेज सुपरमोटो' तुला कुणी दाखवली तर चहा पाज आणि निरोप दे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या रस्त्याच्या सुपरमोटो तर त्याहून उशिराच्या: १९९१ ची गिलेरा नॉर्डवेस्ट, १९९४ ची पहिली केटीएम ड्यूक. आज पोरं ज्या ड्यूकवर विजयनगरात घिरट्या घालतात, तिची आजी ६०९ सीसीची, एका सिलिंडरची आणि सुपरमोटो घराण्यातली होती.

कस्टम गाडीलाही मोल येतं, नाही असं नाही. किंबहुना ऑफ-रोडमधल्या काही सगळ्यात मौल्यवान गाड्या कस्टमच आहेत. इंग्लंडच्या रिकमन बंधूंनी इतरांची इंजिनं घेऊन स्वतःची निकेल चढवलेली चौकट बांधली आणि तिला नाव दिलं मेटिस, म्हणजे संकर. यामाहाची एचएल-५०० तशीच. एच म्हणजे हॉलमन, एल म्हणजे लुंडिन, दोघेही स्वीडनचे आणि दोघेही मोटोक्रॉसचे माजी जगज्जेते. सगळे टू-स्ट्रोककडे पळत असताना त्यांनी एक्सटी-५०० चं चार-स्ट्रोक इंजिन हलक्या चौकटीत बसवलं, १९७७ मध्ये बेंग्ट ओबेरीने ते जागतिक मालिकेत पळवलं, आणि मग त्यावरून मोजक्याच गाड्या बनल्या. पण यात एक मेख आहे. मेटिसला किंमत आहे कारण बांधणारा कोण ते माहीत आहे, चौकटीला नंबर आहे, कुठल्या शर्यतीत कोण बसला त्याची नोंद आहे. तू किंवा मी गॅरेजात येझदी कापली तर तिला यातलं काहीच नसतं. जगात एकच नग असला म्हणून तो दुर्मिळ होत नाही, भिया. माझ्या मेहुण्याने बांधलेला माळाही जगात एकच आहे.

येझदीकडे येऊ. आजोबांची गाडी १९७४ ची, म्हणजे येझदी हे नाव आल्यानंतरच्या अगदी सुरुवातीची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेक जावा गाड्या परवान्याखाली बनवल्या, १९७३ पासून स्वतःचं येझदी नाव लावलं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. तुझ्या पिढीने न पाहिलेली गंमत तिच्या डाव्या बाजूला आहे: किक आणि गिअर एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. आजोबांच्या बुटाने त्या दांड्यावर पडलेली झीज अजून दिसत असेल. ती पॉलिश करू नकोस.

कायद्याच्या बाजूनेही तिला हात न लावण्यातच शहाणपण आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते, मात्र अट अशी की ती मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, आणि तुझ्या बाबतीत तोच ठेव. आजोबांच्या हाताचा नंबर व्हीएपेक्षा केव्हाही मोलाचा. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरती. पण तुला ती जमवायचीच आहे ना? स्क्रॅम्बलर केलीस की या तरतुदीचं दार त्याच दिवशी बंद. मागची चौकट एकदा कापली की "मूळ रूप" हा शब्द फॉर्मवर लिहिताना तुझाच हात थरथरेल.

म्हणून येझदीचं काम एवढंच: इंजिन उघडण्याआधी हाताने फिरतंय का बघायचं. चिकटलं असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल घालून आठ-दहा दिवस तसंच राहू द्यायचं, किकवर उभं राहून जोर करायचा नाही, नाहीतर किकचे दाते जातील आणि पिस्टन तिथेच राहील. पॉइंट आणि कॉइल साफ, केबल नव्या, टाकीतला गंज काढणं. रंगाला हात नाही. मूळ रंग कितीही उडालेला असो, नव्या चकचकीत रंगापेक्षा जमवणारा त्यालाच जास्त पैसे देतो. हे लोकांना पटत नाही, आणि पटेपर्यंत सियागंजातून रंगाचा डबा आलेला असतो.

इम्पल्सचं ऐकून तुला आश्चर्य वाटेल. २०११ मध्ये हिरोने आणली, १५० सीसी, ब्राझीलच्या होंडा ब्रॉसवर बेतलेली. लोकांनी नाकं मुरडली: ताकद कमी, सीट उंच, मायलेज जेमतेम. थोड्याच वर्षांत बंद पडली. पण नुसतं टायर बदलून केलेलं सोंग नव्हे, लांब शॉकअपची, उंच मडगार्डची, मातीसाठीच बनलेली गाडी भारतीय कंपनीने शोरूममधून विकली, ती हीच आधी. डोंगरातल्या पोरांनी त्या गाड्या मरेमरेस्तोवर चालवल्या, त्यामुळे धड अवस्थेतल्या फार उरल्या नाहीत. टाकीच्या बाजूचं प्लास्टिक आणि साइड पॅनल आज नवं मागितलंस तर दुकानदार हसतो. तुझी पहिल्या मालकाची, मूळ प्लास्टिक शाबूत असलेली असेल, तर तुझा संग्रह सुरू झालेलाच आहे, तुला ठाऊक नव्हतं एवढंच.

इथे आणखी एक मोह आहे, तो आधीच सांगून ठेवतो. कुणीतरी तुला म्हणेल की इम्पल्समध्ये करिझ्माचं २२३ सीसी इंजिन बसतं. बसतं, मी बसवलं आहे, आणि गाडी उडते. त्याला कारणही आहे: ते इंजिन होंडाच्या सीआरएफ-२३०एफ या मातीतल्या गाडीच्या इंजिनाचं सख्खं भावंड, बोअर आणि स्ट्रोक तेच. पण इंजिन नंबर बदलला की आरसी आणि गाडी यांची गाठ सुटते. आरटीओची आधी परवानगी न घेता केलेली अशी गाडी विमा कंपनी दारात उभी करत नाही, आणि संग्राहक तर नाहीच. करशीलच तर मूळ इंजिन ग्रीस लावून, खोक्यात घालून, कोरड्या जागी ठेव. विकू नकोस. लोक विकतात.

आता हौस. वापरलेली एक्सपल्स २०० घे. २०१९ पासूनची गाडी, सुटे भाग हिरोच्या कुठल्याही दुकानात, आणि कापाकापी न करता सुपरमोटो करता येते. चाकाला हात लावायचा नाही, हेच यातलं मुख्य. भंगारातून किंवा नवे, पुढचा-मागचा असे दोन हब वेगळे घ्यायचे, त्यांवर १७ इंची रिम बांधून चाकांचा दुसरा जोड तयार करायचा. मूळ २१ आणि १८ इंची चाकं पोत्यात बांधून माळ्यावर. तास-दीड तासात गाडी सुपरमोटो, तास-दीड तासात परत जशी होती तशी.

चाक बांधणं हे आता दुर्मिळ होत चाललेलं काम आहे, गाड्यांपेक्षाही. इंदुरात चांगले टर्नर आणि फिटर अजून मिळतात, कारण शेजारचं पीथमपूरचं औद्योगिक क्षेत्र. कायनेटिक होंडा स्कूटर तिथे बनायची, आणि त्या काळात टूलरूममध्ये घासलेले हात अजून काही गल्ल्यांतून लेथ चालवतात. तार म्हणजे स्पोक बाजारातून तयार घेऊ नकोस. २१ इंचाच्या रिमची तार १७ इंचाला पाच सेंटिमीटरने लांब पडते. ती कापून नव्याने आटे पाडले तर आटे कच्चे राहतात. योग्य लांबीची बनवूनच घे. बांधून झालं की चाक स्टँडवर चढवायचं, डायल गेज लावायचं आणि आउट, म्हणजे चाकाचा डुलेपणा, काढायचा, आधी वर-खालीचा, मग डावा-उजवा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की पुरे. मग पाना घेऊन प्रत्येक तारेवर हलकेच टिचकी. ताणलेली तार टण्ण वाजते, ढिली थप्प. ३६ तारांत एक थप्प सापडली तर तिला एकटीला आवळायचं नाही, तिच्या समोरचीही बघायची. ५० किलोमीटर चालवून परत एकदा सगळ्या वाजवायच्या, कारण नव्या तारा बसतात.

टायर पुढे ११०/७०-१७, मागे १३०/७०-१७. मागे १४० घालायचा मोह होतो; चेनपाशी जागा मोजल्याशिवाय घालू नकोस. आता आकडे जरा नीट बघ, इथेच निम्मे मिस्त्री चुकतात. मूळ पुढचा ९०/९०-२१ टायर, त्याची त्रिज्या सुमारे ३४८ मिलिमीटर. नव्याची २९३. म्हणजे पुढून गाडी ५५ मिलिमीटर खाली बसली. मागे १२०/८०-१८ ची ३२५, नव्याची ३०७; मागून १८ खाली. फरक ३७ मिलिमीटर, गाडी नाकावर झुकली. दोन चाकांमधलं अंतर १४१० धरलं तर हा झुकाव दीड अंशाचा. सुपरमोटोला थोडी उभी मान हवीच असते, त्यामुळे दीड अंशाने काही बिघडत नाही. बिघडतं ते ट्रेलमुळे. स्टिअरिंगची रेघ जमिनीला जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, त्यांतलं अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ धरून ठेवतं ते हेच. मान २७ अंश कललेली धरली, तर नुसतं चाक लहान झाल्यामुळे २८ मिलिमीटर ट्रेल जातो, आणि मान उभी झाल्यामुळे आणखी आठ-नऊ. अशा गाड्यांना साधारण शंभर-सव्वाशे मिलिमीटर असतो, त्यातले साडेतीन सेंटिमीटर गेले. म्हणून गल्लीत गाडी सुरीसारखी वळते आणि बायपासवर ऐंशीच्या पुढे हँडल खाजवायला लागते. लोक टायरला शिव्या देतात.

उपाय दोन. मागचा शॉकअप थोडा बसवून गाडी सपाट करायची, त्याने आठ-नऊ परत मिळतात. उरलेल्यासाठी कमी ऑफसेटची टी, म्हणजे पुढचे दोन्ही शॉकअप धरून ठेवणारा तुकडा, बनवून घ्यायची. परदेशातल्या खऱ्या सुपरमोटो गाड्यांत तेच करतात. पण टी अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरावी लागते आणि तिच्यावर तुझा जीव लटकलेला असतो, तेव्हा ओतीव माल चालणार नाही आणि ओळखीच्या माणसाचा स्वस्त मालही चालणार नाही. मी म्हणेन पहिलं वर्ष टी राहू दे, वेग सांभाळ.

ब्रेकचं मात्र उलट आहे. चाक लहान झालं की तोच ब्रेक जास्त पकडतो, पुढे साधारण १९ टक्के. म्हणून लगेच मोठी डिस्क घेऊ नकोस, आधी आहे ती चालवून बघ. एबीएसची गणितं मूळ चाकावर बसवलेली असतात, तेव्हा ओल्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नकोस. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल तर काटाही खोटं बोलेल: खरे ६० असताना ७१ दाखवेल. पोलिसांपासून बचाव म्हणून बरंच आहे.

पोलिसांवरून आठवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. दंड प्रत्येक बदलाला ५,००० रुपयांपर्यंत, सहा महिन्यांची कैदही होऊ शकते. तेव्हा १७ इंची चाकांवर रोज राजवाड्याला जिलबी खायला जाण्याचा बेत असेल तर तो माझ्या सांगण्यावरून करू नकोस. बंद आवारात, ट्रॅकवर, कुणाच्या शेताच्या पक्क्या खळ्यावर चालव. रस्त्यावर मूळ चाकं. दुसरा जोड बांधायला सांगितलं त्यातलं अर्धं कारण हेच.

आणि पावसाळ्यात सुपरमोटो माळ्यावरच बरी. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत ती दोनशे फूटही जात नाही. जानापावच्या बाजूला जुलैत एकदा अशी गाडी नेऊन बघितली आहे मी. चिकण माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी भरली की पुढचं चाक फिरायचंच थांबलं, उतरून काडीने उकरत बसलो. ऑफ-रोड गाडीचा पुढचा मडगार्ड हातभर उंच का असतो हे त्या दिवशी पुस्तकाशिवाय कळलं.

ठेवण्याबद्दल एक गोष्ट, कारण तिच्यामुळे जुन्या गाड्या आता कुठल्याही शर्यतीपेक्षा जास्त मरताहेत: पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या कार्बोरेटरचे रबर त्यात फुगतात, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, मग टाकीच्या तळाशी पाणी बसतं. युरोपातल्या सत्तरच्या दशकातल्या ऑफ-रोड गाड्यांना फायबरच्या टाक्या असत. त्यांचं रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडतं आणि चिकट लापशी होऊन कार्बोरेटरात उतरते. पुढेमागे तशी गाडी घेतलीस तर टाकीला आतून योग्य लेप दिल्याशिवाय थेंब घालू नकोस. तुझ्याकडच्या पेट्रोलात किती आहे ते घरी बघता येतं. मापाच्या उभ्या काचनळीत १०० मिलिलिटर पेट्रोल, त्यात १० पाणी, झाकण लावून हलव आणि ठेव. खाली बसलेला थर दहाचा दहाच राहिला तर इथेनॉल नाही. तिसाच्या आसपास गेला तर समज वीस टक्के. महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरखालची फ्लोटची वाटी दोन्ही रिकाम्या कर. टाकी लोखंडी असेल तर आत थोडं टू-टी ऑइल फिरवून ठेव.

पैशांचं काय? सात लाखांपैकी वापरलेली एक्सपल्स, चाकांचा जोड, येझदीचं इंजिन आणि तिन्हींचे कागद, हे माझ्या अंदाजाने अडीच लाखांच्या आत बसतं. उरलेल्यात एकच गाडी शोधायला सांगेन: रॉयल एनफिल्ड बुलेट ट्रायल्स. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली, त्या आठवणीत कंपनीने २०१९ मध्ये ३५० आणि ५०० अशा दोन आणल्या. ३५० ची चौकट लाल, ५०० ची हिरवी. एक सीट, वर उचललेला सायलेन्सर, मागे कॅरिअर. तेव्हा फार कुणी घेतल्या नाहीत आणि २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला तशा बंद झाल्या. खऱ्या खडकात ती इम्पल्सपुढेही दमते, हे मान्य. पण कारखान्यातून निघालेली, कागद स्वच्छ, थोड्या संख्येची, आणि सुटे भाग कोपऱ्यावर. घेताना बघायचं एकच, की आरसीवर मॉडेलचं नाव ट्रायल्स आहे ना. साध्या बुलेटची चौकट रंगवून बनवलेल्या मी दोन पाहिल्या आहेत, आणि त्यातली एक मला स्वतःला पहिल्या नजरेत कळली नव्हती.

डुकाटीची हायपरमोटार्ड ६९८ मोनो तुझ्या डोक्यात असेल, सगळ्यांच्याच असते. एका सिलिंडरची, ६५९ सीसी, खरीखुरी सुपरमोटो, आणि २०२४ पासून इथे रीतसर मिळते. किंमत तुझ्या सगळ्या पैशांच्या दुपटीहून जास्त. दहा वर्षांनी कुणीतरी दमून विकेल, तेव्हा बघू.

येत्या रविवारी येझदी टेम्पोत घालून घेऊन ये, दोरी सीटवरून घेऊ नकोस, चौकटीवरून बांध. किक मारू नकोस. आरसीची मूळ प्रत आण, झेरॉक्स नको. कागद आणि पेन्सिल माझ्याकडे आहे.